श्वासापुरते दर्शन

मराठी साहित्यात समुद्र पुष्कळ आहे, परंतु तो बहुधा किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर ज्या सागराला उद्देशून कविता रचली, तो सागर म्हणजे कवी आणि मायभूमी यांच्यामध्ये पसरलेले अंतर होते. त्यानंतरच्या कवितेतही लाट, गाज, फेस, क्षितिज आणि मावळतीचा सूर्य ही सामग्री विपुल सापडते. त्या पाण्याखाली कोण राहते याची चौकशी मात्र क्वचितच झालेली दिसते. मासे आपल्या गद्यात येतात ते बहुतेक वेळा ताटात येतात. जवळजवळ सव्वासातशे किलोमीटरचा किनारा लाभलेल्या भाषेच्या मानाने ही उदासीनता थोडी चमत्कारिक म्हणावी लागेल.

शब्दांचेच पाहा. संस्कृतात 'शिशुमार' असा एक शब्द आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात सगळे ज्योतिश्चक्र शिशुमाराच्या आकृतीत कल्पिले असून त्याच्या शेपटीच्या टोकावर ध्रुव बसवला आहे. या शिशुमारापासून हिंदीत 'सूस' झाला. गंगेत राहणाऱ्या, अंधुक दृष्टीच्या डॉल्फिनचे ते नाव. मराठीत मात्र त्याच शब्दापासून 'सुसर' झाली आणि अर्थ मगरीकडे गेला. ज्या प्राण्याला सगळे आकाश अंगावर वागवायला दिले होते, तो आमच्या भाषेत येईपर्यंत चिखलात पडून राहणारा आणि माणूस ओढून नेणारा झाला. मग डॉल्फिनला शब्द उरला नाही. शहरी मराठीने तो इंग्रजीतून घेतला, आणि शब्दाबरोबर चित्रही घेतले: निळे पाणी, हसरे तोंड, चेंडू, टाळ्या. दक्षिण कोकणातल्या मच्छीमारांकडे तेवढा स्वतःचा शब्द शिल्लक होता. 'गादा'. तो कोशात शोधत बसण्याची मला कधी गरज पडली नाही, कारण तो माझ्या आईच्या तोंडी होता.

आम्ही पनवेलजवळ खांदा कॉलनीत राहतो. सिडकोने आखलेल्या सेक्टरांपैकी एका सेक्टरात, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. उजवीकडे मान वळवली तर खांदेश्वराच्या बाजूची झाडे दिसतात. समुद्र दिसत नाही, मात्र पावसाळ्यात भरतीच्या वेळी वाऱ्याला जो खारट, चिखलट वास येतो त्यावरून खाडी दूर नाही हे कळते. पनवेल हे एके काळी बंदर होते आणि इथून घाटावर माल जात असे, ही गोष्ट आज इथे राहणाऱ्या बहुतेकांना सांगूनही खरी वाटत नाही. आमच्या दृष्टीने पनवेल म्हणजे जिथून निघायचे ते ठिकाण. थेट कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ इथूनच सुरू होतो आणि कोकणात जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात. कॉलनीतल्या निम्म्या घरांचे गाव त्या रस्त्यावर किंवा त्या रुळांवर कुठे तरी आहे. गणपतीच्या आधल्या आठवड्यात आमच्या इमारतीत पाणी पुरून उरते.

आईचे माहेर मालवण तालुक्यात, देवबागच्या वाटेवर. १९६७ साली लग्न होऊन ती मुंबईला आली ती बोटीने. त्या काळी बोट बंदराबाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. नवी साडी भिजू नये म्हणून ती दोन्ही हातांनी गोळा करून आई पडावात बसली होती, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या प्रवासाच्या पहिल्या सकाळी कठड्याशी उभी असताना तिला बोटीच्या एका अंगाला गादे दिसले. "आमका पोचवूक इल्ले," असे ती अजून म्हणते. पुढे लालबागची खोली, १९८२ चा गिरणी संप, वडिलांच्या लहानसहान नोकऱ्या आणि अखेरीस खांदा कॉलनीतले हे घर. या सगळ्या काळात ती माहेरी अनेकदा गेली, पण समुद्रावर पुन्हा गेली नाही. बोटी बंद झाल्या, एस्.टी. आली, मग रेल्वे आली, आणि समुद्र हा गावाच्या पलीकडचा भाग होऊन राहिला.

गेल्या काही वर्षांपासून तिला फुफ्फुसांचा विकार आहे. नाव लांबलचक आहे, अर्थ सोपा आहे: फुफ्फुसे हळूहळू कडक होत जातात आणि श्वास अपुरा पडतो. २०२३ च्या जानेवारीत, जेव्हा जिना चढताना दर चार पायऱ्यांवर तिला थांबावे लागत होते परंतु बसल्या जागी त्रास नव्हता, तेव्हा ती म्हणाली की एकदा समुद्रावर जाऊन येऊ. डॉक्टरांनी विचार करून होकार दिला आणि गोळ्यांची व प्रवासाची काही पथ्ये सांगितली. मी, माझी पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि आई अशी आम्ही चौघे रात्रीच्या गाडीने पनवेलहून निघालो आणि सकाळी कुडाळला उतरलो.

देवबाग ही एक अरुंद, लांबट पट्टी आहे. एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. मध्ये माडांची बने, वाड्या आणि एकच रस्ता. पट्टीच्या टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगव्याचा किनारा, त्याच्याही पलीकडे निवतीचा किल्ला आणि दूर क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्सचे खडक व त्यांवरचा दीपस्तंभ. संगमाशी वाळूचे एक बेट वर आलेले आहे. २००४ च्या सुनामीशी त्याचा संबंध जोडून लोक त्याला सुनामी बेट म्हणतात. त्यावर चहा, भजी आणि पाण्यातले खेळ यांची गर्दी असते. इथल्या होड्यांची ठरलेली फेरी आहे: नदीतून संगम, मग समुद्रात निवतीच्या बाजूला 'डॉल्फिन पॉइंट', परतताना किल्ल्याखालचे सोनेरी खडक आणि शेवटी बेट. बहुतेक होड्या फायबरच्या, वर कापडी छत, मागे मोटार. हंगामात सकाळी सातपासून त्या निघू लागतात, कारण उन्हे चढली की वारा उठतो आणि पाणी हलते.

या किनाऱ्याला जो डॉल्फिन दिसतो तो चित्रपटातला नव्हे. त्याला हिंदी महासागरातील कुबडाचा डॉल्फिन म्हणता येईल; शास्त्रीय नाव सूझा प्लंबिया. 'प्लंबिया' म्हणजे शिशाच्या रंगाचा. पाठीच्या मध्यावर मांसल उंचवटा आणि त्यावर बसवल्यासारखा लहानसा पर अशी त्याची ओळख. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून भारतापर्यंतच्या किनाऱ्यांना लागून तो राहतो. शास्त्रज्ञांनी २०१४ साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आणि पुढे काही वर्षांतच आंतरराष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. नावनिशी मिळते न मिळते तोच धोक्याचा शिक्का बसला. संकटाचे कारण त्याच्या आवडीतच आहे. त्याला खोल समुद्र नको असतो. साधारण पंचवीस-तीस मीटरांहून उथळ पाणी, नद्यांची मुखे, खाड्या, खडकांच्या कडा ही त्याची जागा. हीच जागा जाळ्यांची, बंदरांची, सांडपाण्याची आणि आता पर्यटकांचीही आहे. मादी सुमारे वर्षभर गर्भ वाहते आणि एका पिल्लानंतर दुसरे व्हायला साधारण तीन वर्षे जातात. त्यामुळे एक मेलेला प्राणी भरून यायला फार काळ लागतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे, म्हणजे कागदावर त्याला वाघाइतके संरक्षण आहे.

आमच्या होडीत आम्ही चौघे आणि आणखी दोन कुटुंबे होती. होडी चालवणारा पंचविशीतला मुलगा आईशी मालवणीत बोलू लागला आणि दहा मिनिटांत त्यांनी कोणाच्या घरातला कोण, ही गणिते पुरी केली. संगमावर होडी दोनदा उंच उचलली गेली व आदळली. पुढे पाणी शांत होते. निवतीच्या बाजूला आणखी सात-आठ होड्या आधीच फिरत होत्या. एवढ्यात एका होडीतून आरडाओरडा झाला, बोटे वर झाली, आणि पाहता पाहता सगळ्या होड्या तिकडे वळल्या. पाण्यात एक काळसर कमान उमटली व बुडाली. होड्या तिथे पोचेपर्यंत ती कमान शंभर हातांवर दुसरीकडे उमटली. होड्या तिकडे. पुन्हा तेच. दर वेळी मोबाइल उंचावले जात आणि दर वेळी त्यांत पाणी तेवढे येई. मोटारींचा आवाज, डिझेल आणि पेट्रोलचा वास, आणि "तिकडे, तिकडे, डावीकडे" असा गजर. आमच्या होडीतले एक गृहस्थ होडीवाल्याला अजून जवळ घ्यायला सांगत होते.

आई माझ्याशेजारी जाड शालीत बसली होती. तिने पाण्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग बेताच्या आवाजात म्हणाली, "रे झिला, इंजान बंद कर. तेंका श्वास घेवंदे."

त्या मुलाने एकदा उतारूंकडे पाहिले, एकदा आईकडे, आणि "व्हय काकी" म्हणत मोटार बंद केली. इतर होड्या कमानीमागे दूर गेल्या. आमची होडी नुसती डुलत राहिली. ते गृहस्थ काहीसे नाराज झाले. त्यांच्या पत्नीने त्यांना खुणेने थांबवले. पाण्याचा होडीला लागणारा चपचप आवाज आधी ऐकू आला, मग निवतीच्या खडकांवर फुटणाऱ्या लाटांचा. पाच-सात मिनिटे काहीच घडले नाही. पाच-सात मिनिटे काहीही न घडणे पैसे दिलेल्या माणसांना किती लांब वाटते, हे मी त्या होडीत पाहिले.

मग मागच्या बाजूने आवाज आला. फुस्स असा, एखाद्या मोठ्या वाहनाने ब्रेकची हवा सोडावी तसा, परंतु ओला. सगळ्यांनी वळून पाहिले तेव्हा पाठ बुडत होती. आधी दिसते ते लांबट तोंड, मग कपाळ, मग ते कुबड आणि त्यावरचा लहान पर. पाठ वळते आणि पाणी मिटते. क्षणाने दुसरा आवाज, अधिक हलका. मोठ्या पाठीला लागून एक लहान, फिक्या रंगाची पाठ होती. ती दोघे होडीपासून वीसेक हातांवर तीनदा वर आली आणि गेली. माझी मुलगी एक शब्द बोलली नाही. आईचे डोळे तिकडे होते की नव्हते हे मला सांगता येणार नाही. तिला मोतीबिंदूनंतर दूरचे नीटसे दिसत नाही. ती ऐकत होती.

आपण ज्याला डॉल्फिन दिसणे म्हणतो ते वस्तुतः त्याचे श्वास घेणे असते. हा साधा मुद्दा मला त्या होडीत प्रथमच नीट जाणवला. डॉल्फिन मासा नाही. त्याला कल्ले नाहीत. पाण्यात जन्मून, पाण्यात जगून त्याला हवेसाठी वर यावेच लागते. डोक्यावरचे एकच छिद्र उघडते, आतली हवा सुटते, नवी भरली जाते व छिद्र मिटते. हे सगळे सेकंदाहूनही कमी वेळात. साध्या श्वासात माणूस फुफ्फुसातली दहा-पंधरा टक्के हवा बदलतो, डॉल्फिन सुमारे ऐंशी टक्के. आणखी एक गोष्ट अशी की त्याचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही. प्रत्येक श्वास त्याला जाणूनबुजून घ्यावा लागतो. म्हणून तो कधी पुरता झोपतही नाही. मेंदूचा एक अर्धा भाग निजतो, दुसरा जागा राहून श्वासाची राखण करतो. ज्या क्षणी आपण टाळ्या वाजवतो तो क्षण त्याच्या दृष्टीने खेळाचा नसून निकडीचा असू शकतो. डोक्यावर आठ मोटारी घरघरत असतील तर तो वर येणे लांबवतो, दिशा बदलतो, पिल्लाला घेऊन दूर जातो. ही जात मुळातच होडीपुढे पोहून खेळ करणाऱ्यांतली नव्हे. ती होड्या टाळते. त्यातून पाण्यात आवाज हवेच्या जवळजवळ साडेचारपट वेगाने जातो, आणि हा प्राणी डोळ्यांपेक्षा आवाजाने पाहतो. स्वतःच काढलेल्या नादाच्या प्रतिध्वनीवर तो मासा, खडक आणि पिल्लू ओळखतो. आपण त्याला पाहायला जातो तेव्हा बहुधा आपण त्याच्या डोळ्यांत धूळ फेकत असतो.

श्वास जाणूनबुजून घेणे म्हणजे काय हे आईला ठाऊक होते. बोलताना वाक्य कुठे तोडायचे, पाण्याचा घोट कधी घ्यायचा, किती पायऱ्यांनी थांबायचे याचा हिशेब तिचे शरीर अहोरात्र ठेवीत होते. निरोगी माणसाला श्वास ही आपल्या मालकीची गोष्ट वाटते. आजाऱ्याला ती दर वेळी मागून आणावी लागते. "तेंका श्वास घेवंदे" हे वाक्य मी आधी दयेचे समजत होतो. आता वाटते, एका श्वास मोजणाऱ्याने दुसऱ्याची बाजू घेतली होती.

मात्र या दृश्याला मी भाबडे रूप देऊ इच्छीत नाही, कारण परतीच्या वाटेवर आईनेच ते देऊ दिले नाही. मुलीने विचारले की आजी, तुझ्या लहानपणी डॉल्फिन तुमचे मित्र होते का. आई हसली. तिचे वडील रापणीचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. होडीने ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचे आणि दोन्ही टोकांना माणसे लागून ते वाळूवर खेचायचे. जे मिळेल त्याचे ठरल्याप्रमाणे वाटे. बांगड्याचे, तारल्याचे थवे किनाऱ्याशी आले की रापण टाकली जाई, आणि त्याच थव्यामागे गादेही येत. ते कधी मासळी किनाऱ्याकडे रेटत, तर कधी जाळ्यातली मासळी ओढून खात आणि जाळे फाडून जात. फाटलेले जाळे म्हणजे पंधरवड्याचे नुकसान. आजोबा गाद्याला ज्या शिव्या देत त्या आईने नातीला सांगितल्या नाहीत. पण गादा मारला मात्र नाही, असे ती म्हणाली. का, असे विचारले तर तिच्याजवळ उत्तर नव्हते. मारीत नसत, एवढेच.

हे वैर जुने असले तरी संपलेले नाही. सिंधुदुर्गातले मच्छीमार आजही फाटक्या जाळ्यांची तक्रार करतात, आणि ती खोटी नाही. मासळी घटली तसे मासळी शोधणारे दोघे एकाच जाळ्याशी अधिक वेळा येऊ लागले. मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य शासनाने २०१६ साली निर्बंध आणले, तरी रापणीवाल्यांच्या आणि छोट्या होड्यांच्या वाट्याला काय उरले, हा वाद मालवणच्या किनाऱ्यावर कायम आहे. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हापासून 'संरक्षण' हा शब्द इथल्या कोळ्या-गाबितांना आपल्याविरुद्धचा वाटत आला आहे. त्या मानाने २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली एक योजना मला शहाणपणाची वाटते. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन, कासव किंवा असा कोणताही संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्या जाळ्याची भरपाई म्हणून शासन पंचवीस हजार रुपयांपर्यंत रक्कम देते. त्यात उपदेश नाही. फाटलेल्या जाळ्याची किंमत असते हे त्यात मान्य केले आहे.

होडीवाल्या मुलाचेही एक म्हणणे होते. बेटावर इतर मंडळी भजी खात असताना आम्ही त्याच्याशी बोलत बसलो. त्याचे वडील मासेमारी करीत. त्याने होडी पर्यटनाला लावली. मोटार बंद करून थांबले तर जनावर जवळ येते हे त्याला ठाऊक होते, त्याला ते आईने शिकवायची गरज नव्हती. पण थांबून नाही आले तर? उतारू विचारतात, दिसला नाही तर पैसे परत का. शेजारच्या होडीला दिसला आणि आपल्याला नाही, तर उतरल्यावर मोबाइलवर एक तारा देतात, आणि पुढच्या आठवड्यात दोन गिऱ्हाइके कमी येतात. पावसाळ्यात धंदा बंद. हप्ते बारा महिने. "धावाडल्याशिवाय लोकांका पैसे वसूल झाल्यासारके वाटनत नाय," असे तो म्हणाला. त्या वाक्यावर मला काही उत्तर सुचले नाही. पाठलाग करणारा हात त्याचा असला तरी त्यामागची निकड आमच्यासारख्या शहरातून आलेल्यांची आहे. गोव्याला तर 'डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत' ही जाहिरातच असते. ज्या व्यवहारात दिसण्याची हमी विकली जाते, त्यात न दिसण्याचा हक्क प्राण्याकडे उरत नाही.

जॉन बर्जर या इंग्रज समीक्षकाने प्राण्यांकडे आपण का पाहतो या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की माणूस आणि प्राणी यांच्यातली नजरभेट आधुनिक जीवनातून नाहीशी झाली आणि प्राणिसंग्रहालय हे त्या हरवलेल्या भेटीचे स्मारक आहे. तिथे आपण पाहतो, पण आपल्याकडे कोणी पाहत नाही. बर्जर पिंजऱ्यांविषयी बोलत होता. मोकळ्या समुद्रातही पिंजरा करता येतो हे आठ होड्यांनी घातलेल्या वर्तुळात मला दिसले. प्रत्यक्ष पिंजऱ्याचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका करमणूक केंद्रात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले गेले आणि काही महिन्यांतच ते मेले. पुढे खुद्द मालवण तालुक्यात, तोंडवळी-वायंगणीच्या किनाऱ्यावर, 'सी-वर्ल्ड' नावाचा मोठा प्रकल्प योजला गेला आणि जमिनीच्या प्रश्नावरून गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. २०१३ च्या मे महिन्यात केंद्र शासनाने डॉल्फिनांचे खेळघर देशात कुठेही उभारू देऊ नये असे राज्यांना कळवले. त्या परिपत्रकात एक विलक्षण शब्दप्रयोग आला होता: डॉल्फिनांकडे 'मनुष्येतर व्यक्ती' म्हणून पाहिले पाहिजे, असे मत त्यात नमूद होते. सरकारी कागदात असे तत्त्वज्ञान क्वचित सापडते. व्यक्ती म्हटले की तिला भेटायला जाण्याची रीत आली, वेळ विचारणे आले, दार बंद असेल तर परत फिरणेही आले.

अशी रीत आपल्याला अपरिचित आहे असे नाही. पंढरपूरला आषाढीत माणसे रात्रभर बारीत उभी राहतात आणि विठ्ठलासमोर त्यांना दोन क्षणही मिळत नाहीत. मागचा रेटा त्यांना पुढे ढकलतो. त्या दोन क्षणांबद्दल कोणी हिशेब मागत नाही. ज्यांना तेवढेही जमत नाही ते कळसाला हात जोडतात आणि पोचले म्हणून घरी फिरतात. आईच्या म्हणण्याप्रमाणे तीही एका वर्षी कळसावरूनच परतली होती आणि त्या वारीबद्दल तिच्या मनात उणेपणा नाही. अल्प आणि अपुऱ्या दर्शनाने तृप्त होण्याची ही सवय आपल्या संस्कृतीत इतकी मुरलेली असताना, समुद्रावर गेल्यावर आपण ती किनाऱ्यावर ठेवून का जातो? पाण्याबाहेर दिसणारा तो लहानसा पर हा कळसच आहे. बाकीचे देऊळ खाली आहे आणि तिथे आपल्याला प्रवेश नाही. आवाजाने पाहणाऱ्या प्राण्याला जग कसे दिसते, हे माणसाला आतून कळणे शक्य नाही, असा युक्तिवाद थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ साली वटवाघळाचे उदाहरण घेऊन केला होता. तो निराशेचा युक्तिवाद म्हणून वाचला जातो. मला तो अदबीचा वाटतो. गाभाऱ्यात काय आहे हे न कळताही नमस्कार करता येतो.

आता आईला रात्री यंत्र लागते. हवेतला प्राणवायू वेगळा करून देणारे ते यंत्र तिच्या खोलीत कोपऱ्यात असते आणि ठराविक अंतराने फुस्स असा आवाज करते. आमच्या मजल्यावर सर्वत्र ऐकू येतो. पहिल्या रात्री मुलगी उठून बसली आणि म्हणाली, गाद्यासारखा आवाज आहे. शाळेत, मैत्रिणींत ती डॉल्फिन म्हणते. घरी या एका संदर्भात गादा म्हणते. एक शब्द त्यामुळे वाचेल असे मी म्हणणार नाही. शब्द वाचायला त्याचा उपयोग करणारी माणसे आणि तो ज्याचा आहे तो प्राणी, दोन्ही किनाऱ्यावर शिल्लक असावी लागतात.

आणि तो किनारा देवबागपर्यंत जाऊन शोधायला हवा असेही नाही. मुंबईच्या आसपासच्या पाण्यातही हीच कुबडाची जात आहे. २०२० च्या टाळेबंदीत समुद्रावरची वर्दळ थांबली तेव्हा मलबार हिलच्या बाजूला लोकांनी ती गच्चीवरून पाहिली. आमची पनवेलची खाडी मुंबईच्या बंदरातच उतरते. त्या पाण्यावरून २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, आणि खाडीच्या काठावर, टेकडी सपाट करून व उलवे नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले. आता आमच्या कॉलनीतून दूरच्या बेटांवर सुट्टीला जाणे पूर्वीहून सोपे झाले आहे. मालदीव, अंदमान, कुठेही; आणि तिथेही होडी असेल, डॉल्फिन असेल, हमी असेल. ज्यांना जायचे त्यांनी अवश्य जावे. होडीवाल्याला ठरलेले पैसे निघतानाच द्यावेत, दिसो वा न दिसो, आणि खोल पाण्यात पोचल्यावर त्याला मोटार बंद करायला सांगावे. मग गप्प बसावे. बहुधा आधी आवाज येईल.